जुना चामडी सोफा आणि घरी येणारा कारागीर

हिशेबनीस फर्निचरकडे घसाऱ्याच्या नजरेने पाहतो. १९६२ च्या आयकर नियमांत फर्निचर आणि जोडसामानासाठी घसाऱ्याचा दर १० टक्के ठेवण्यात आला. तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर आकारावयाचा असल्यामुळे वस्तूची किंमत कागदोपत्री कधीच शून्यावर येत नाही. शंभर रुपयांचा सोफा वीस वर्षांनी साधारण बारा रुपयांचा उरतो आणि तीस वर्षांनी चार रुपयांचा. घरातील माणसे मात्र हिशेबनिसाइतका धीर धरीत नाहीत. बैठकीवर एक चीर दिसली, पाठीचा रंग उडाला किंवा मधली जागा खाली बसली, की आठवडाभरात त्या सोफ्याची किंमत सर्वानुमते शून्य ठरते. दिवाळी जवळ आली असेल तर निर्णय आणखी लवकर होतो. जुने द्या, नवे घ्या अशा जाहिराती त्याच सुमारास येतात आणि सुलभ मासिक हप्त्यांचा तक्ता त्यांच्या शेजारीच छापलेला असतो.

कर्ज देणे हा बँकेचा व्यवसाय आहे. तेव्हा बँकेच्या नियतकालिकात हप्त्यांविरुद्ध लिहिणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु पतपुरवठ्याचा हेतू मालमत्ता उभी करणे हा असतो, हाती असलेली मालमत्ता भंगारात घालणे हा नव्हे. खऱ्या चामड्याचे, चांगल्या लाकडी सांगाड्यावर बांधलेले फर्निचर ही अशीच एक मालमत्ता आहे. ते मुळातच पुनःपुन्हा दुरुस्त करता येईल अशा रीतीने घडविलेले असते आणि त्याची बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होऊ शकते. किंबहुना ती घरीच करून घेण्यात ग्राहकाचे अधिक हित आहे. अट एवढीच, की काय दुरुस्त होते आणि काय होत नाही हे ग्राहकाने आधी समजून घ्यावे आणि कारागिराला त्याच्या कौशल्याचे मोल द्यावे.

पहिला प्रश्न, घरातील सोफा चामड्याचा आहे का? हा प्रश्न अनेकांना अपमानास्पद वाटतो. पण तो विचारणे भाग आहे. रेक्झिन हे वस्तुतः इंग्लंडमध्ये कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तयार होणाऱ्या नकली चामड्याचे व्यापारी नाव. भारतात ते सामान्यनाम झाले आणि पुढे पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडालाही तेच नाव चिकटले. त्यानंतर पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड आले. ते हाताला मऊ लागते, दिसायला हुबेहूब चामड्यासारखे असते आणि दुकानात त्याला नाना प्रकारची भारदस्त नावे दिली जातात. त्याहून फसवे म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून, त्याला कापडाची पाठ आणि वर प्लॅस्टिकचा मुलामा देऊन केलेले ‘बाँडेड लेदर’. नावात लेदर असल्याने विक्रेता खोटे बोलत नाही आणि ग्राहक मात्र फसतो. हवेतील ओलाव्याने पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो. मुंबई, मंगळूर, कोची किंवा कोलकाता येथील दमट हवेत काही वर्षांतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतात. अशा सोफ्याला रंग, मलम किंवा तेल लावून काहीही साधत नाही. वरचे आवरण बदलणे हा एकच उपाय उरतो. पापुद्रे सुटणाऱ्या सोफ्याचे ‘चामडे’ दुरुस्त करून देतो असे जो सांगेल, त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

ओळखण्याची रीत अवघड नाही. सोफा उलटा करून तळाचे कापड एका कोपऱ्यातून सोडवावे आणि आवरणाची दुमडलेली कड पाहावी. चामड्याची मागची बाजू लवदार, तंतुमय असते. नकली मालाच्या मागे विणलेले कापड दिसते. पुष्कळ सोफ्यांत बैठक, पाठ आणि हात यांना चामडे आणि बाजू व मागील भाग यांना नकली माल वापरलेला असतो. म्हणून एकाच जागी पाहून निष्कर्ष काढू नये. खरे चामडे असल्याचे दिसले, तर आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मुरून डाग गडद झाला तर चामड्यावर रंगाचा जाड लेप नाही, आणि थेंब तसाच राहिला तर लेप आहे. या एका थेंबावर पुढचे बरेचसे काम ठरते. कारण लेप नसलेल्या चामड्यावर कोणताही द्रव ओतणे म्हणजे कायमचा डाग विकत घेणे होय.

कातडे आणि चामडे यांत फरक आहे तो कमावण्याचा. भारतात ही विद्या जुनी. तरवडाची आणि बाभळीची साल, हिरडा यांतील टॅनिनने कातडी कमावण्याची दक्षिणेतील पद्धत ‘ईस्ट इंडिया लेदर’ या नावाने जगाच्या बाजारात ओळखली गेली आणि तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. क्रोमियमचे क्षार वापरून झटपट कमावण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नांनी रुजली. १९४८ मध्ये त्याच शहरात केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. आज चामड्याचा माल तमिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेट येथून, कानपूरच्या जाजमऊमधून आणि कोलकात्याजवळील बानतला येथून देशभर जातो. कोलकात्याच्या टांग्रा भागातील चिनी कुटुंबांचे जुने चर्मालय-उद्योग १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहराबाहेर बानतला येथे हलविण्यात आले. मुंबईत किरकोळ खरेदीसाठी धारावीचे नाव घेतले जाते. ही भूगोलाची उजळणी निरर्थक नाही. दुरुस्तीसाठी एखादा तुकडा हवा असेल तेव्हा वनस्पतींनी कमावलेले चामडे क्रोमच्या चामड्याला जोडता कामा नये. दोघांची ताणण्याची, ओलावा शोषण्याची आणि रंग घेण्याची प्रकृती भिन्न असते.

चामडे बिघडते कशाने? देश मोठा आहे आणि बँकेचे ग्राहक सर्वत्र विखुरलेले आहेत. त्यामुळे उत्तरही एक नाही. किनारपट्टीवर आणि ईशान्येकडे शत्रू बुरशी हा आहे. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली आणि वारा खेळता नसला, की भिंतीला टेकविलेल्या सोफ्याच्या पाठीवर पांढुरकी लव धरते. दिल्ली, जयपूर, नागपूर येथे उन्हाळ्यातील कोरडी हवा चामड्यातील ओलावा आणि स्निग्धांश काढून घेते आणि घडी पडते तेथे भेगा दिसू लागतात. खिडकीतून रोज दुपारी पडणारे ऊन रंग उडविते, तर वातानुकूलन यंत्राचा थेट झोत चामडे सुकवितो. शंभर वर्षांच्या जुन्या, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला आणखी एक रोग होतो. हवेतील गंधकाच्या वायूने आम्ल तयार होऊन ते कुजते आणि त्याची विटकरी भुकटी हाताला लागते. जुन्या ग्रंथांच्या बांधणीवर ती अनेकांनी पाहिली असेल. या अवस्थेतील चामडे पुन्हा निरोगी होत नाही; जाणकार संरक्षक ते योग्य द्रव्याने थोपवून धरू शकतात, इतकेच. अशा खुर्चीवर बसू नये.

आणि या सर्वांच्या वर भारतीय कुटुंबाचे स्वतःचे असे एक कारण आहे. केसांचे तेल. डोके टेकण्याच्या जागी आणि हाताच्या टोकांना चामड्याचा वरचा लेप चिकट, मऊ आणि काळपट होतो तो तेल आणि घाम यांमुळे. एकोणिसाव्या शतकात विलायतेत पुरुष केसांना मकॅसर तेल चोपडीत, तेव्हा तेथील गृहिणींनी खुर्च्यांच्या पाठीवर कापडी आच्छादने घालण्यास आरंभ केला आणि त्या आच्छादनांना नावच ‘अँटिमकॅसर’ पडले. महाराष्ट्रातील घरोघरी सोफ्याच्या पाठीवर घातल्या जाणाऱ्या क्रोशाच्या रुमालांना नवी पिढी हसते. तो रुमाल धुता येतो, चामडे धुता येत नाही, हे तिने लक्षात घ्यावे.

घरगुती उपायांनी जेवढे चामडे बिघडते तेवढे क्वचितच वापराने बिघडत असेल. खोबरेल तेल चोळण्याचा सल्ला घराघरांत दिला जातो. पहिल्या दिवशी चमक येते. पुढे ते तेल खवट होते, धूळ धरते आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देते. बुटांचे पॉलिश लावलेला सोफा पाहुण्याच्या पांढऱ्या लेंग्यावर आपली खूण ठेवतो. नखांचा रंग काढण्याचे द्रव, स्पिरिट, भांडी घासण्याची पावडर यांनी डागाबरोबर रंगही निघतो. फाटलेली चीर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडण्याचा मोह तर फारच मोठा. तो गोंद काचेसारखा कडक होतो, चामडे मात्र वाकत राहते. मग जोडाच्या कडेने नवी चीर पडते आणि कारागिराला अर्धा दिवस तो गोंद खरवडण्यातच घालवावा लागतो. भेगांवर तेल लावल्याने त्या बुजत नाहीत. तंतू तुटलेले असतात, ते तेलाने पुन्हा जुळत नाहीत.

आता कारागीर घरी येऊन काय करू शकतो ते पाहावे. सर्वांत सोपे काम उसवलेल्या शिवणीचे. येथे चांगला आणि वाईट कारागीर लगेच ओळखता येतो. चांगला कारागीर जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी, पॉलिस्टरचा पक्का दोरा ओढून घेतो. वाईट कारागीर शेजारी नवी भोके पाडतो. चामड्याला पडलेले भोक कापडासारखे मिटत नाही; दोन ओळी झाल्या की टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे तेथून ते फाटण्यास सिद्ध होते. चीर पडली असेल तर तिच्या आतून मजबूत कापडाचा तुकडा सरकवून, लवचीक राहणाऱ्या गोंदाने दोन्ही कडा त्यावर बसवाव्या लागतात. मग बारीक फट भरणी घालून समतल करावयाची, तिच्यावर रंगाचे पातळ थर द्यावयाचे आणि शेवटी रक्षक लेप. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. एका तासात हे सर्व आटोपणाऱ्याने एक तरी पायरी गाळलेली असते.

रंग उडालेल्या सोफ्याचे काम याच पद्धतीचे, मात्र त्यात स्वच्छतेला अधिक महत्त्व. वर्षानुवर्षांचा तेलकट थर पूर्णपणे निघाल्याशिवाय नवा रंग धरत नाही, आणि हा टप्पा कंटाळवाणा असल्याने तोच अर्धवट राहतो. डोक्याच्या जागेचे चामडे तेलाने पार मऊ झाले असेल, तर रंगाच्या भानगडीत न पडता तेवढा भाग बदलून घेणे शहाणपणाचे. त्यासाठी नवे चामडे विकत घेण्यापूर्वी सोफ्याच्या मागील किंवा तळाकडील भागाचे मूळ चामडे काढून पुढे वापरता येते का ते पाहावे. मागे नवा माल लावला तरी तो भिंतीलाच दिसतो. जुने सोफा-कारागीर ही युक्ती स्वतःहून सुचवीत.

पुष्कळदा दोष चामड्यात नसतोच. सोफा ‘बसला’ अशी तक्रार असते तेव्हा खाली पाहावे. जुन्या बांधणीच्या सोफ्यात सांगाड्यावर ताणलेली नवार किंवा तागाची पट्टी, तिच्यावर सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा, वर तरट, मग काथ्या किंवा घोड्याचे केस आणि सर्वांत वर कापूस असे थर असतात. पट्टी सैल झाली किंवा सुतळी तुटली म्हणजे सर्व डोलारा खाली येतो. पट्ट्या नव्याने ताणून स्प्रिंगा पुन्हा बांधल्या, की तीच बैठक आणखी बरीच वर्षे काम देते. येथे कारागीर हमखास एक सूचना करतो: हे सर्व जुने काढून टाकू आणि फोम घालू. फोम वाईट नव्हे. पण तो काम सोपे करतो म्हणून सुचविला जात आहे, बैठकीसाठी नव्हे, हे ग्राहकाने ओळखावे. त्यातही जाड आणि कडक फोम कोंबून जुने चामडे तट्ट फुगविले तर महिन्याभरात शिवणी सुटतात. तळ उघडाच आहे तर त्याच वेळी वाळवी, कसर आणि ढेकूण यांचीही झडती घ्यावी. वाळवी लागलेल्या सांगाड्यावर उत्तम चामडे चढविणे ही उधळपट्टी आहे.

हे सर्व कारखान्यात किंवा दुकानात नेऊन का करू नये? मोठे कारण पारदर्शकतेचे आहे. सोफा एकदा घराबाहेर गेला की त्याच्या पोटातील काथ्या, पितळी खिळे, पोलादी स्प्रिंगा यांचे काय झाले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. परत येतो तो दिसायला सुरेख असतो. दुसरे कारण रंगाचे. दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेला तपकिरी रंग दिवाणखान्यातील उजेडात लालसर दिसू शकतो. ज्या खोलीत सोफा राहणार त्या खोलीत, दिवसाच्या प्रकाशात आणि रात्रीच्या दिव्यात असे दोन्ही वेळा पाहूनच रंग ठरवावा. शिवाय तीन माणसांचा सोफा अरुंद जिन्यातून उतरविताना आणि चढविताना चामड्याला नव्या चिरा पडतात, हा अनुभव शहरांतील सदनिकांत राहणाऱ्यांना नवा नाही. हल्ली मोबाइलवरून छायाचित्र पाठवून दर विचारण्याची पद्धत पडली आहे. चामड्याच्या बाबतीत हे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे. हात लावल्याशिवाय, तळ उघडल्याशिवाय कोणताही प्रामाणिक कारागीर दर सांगू शकणार नाही.

तथापि घरच्या दुरुस्तीचा हट्ट सर्वत्र धरू नये. संपूर्ण आवरण बदलावयाचे असेल तर तीन माणसांच्या सोफ्याला दोनशे चौरस फुटांच्या आसपास चामडे लागू शकते. ते पसरून, त्यातील व्रण आणि पातळ जागा टाळून बेतण्यास मोठे टेबल हवे, आणि शिवण्यास जड मालाचे यंत्र. सांगाड्याचे सांधे निखळले असतील तर सुतारशाळाच बरी. फवाऱ्याने रंग देण्याचे काम बंद खोलीत, विशेषतः घरात दमेकरी, वृद्ध किंवा तान्हे मूल असताना, करून घेऊ नये. पाण्यात मिसळणारे रंग उपलब्ध आहेत. त्यांचाच आग्रह धरावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

खर्चाचा विचार निघाला की ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण हमखास ऐकू येते. येथे कोंबडीची किंमत चुकीची धरली जाते. तुलना जुन्या सोफ्याच्या भंगारातील भावाशी नव्हे, तशाच सागवानी किंवा शिसवी सांगाड्याच्या आणि तशाच चामड्याच्या नव्या सोफ्याच्या किमतीशी करावयास हवी. बाजारात त्याच पैशांत मिळणारा नवा सोफा बहुधा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा आणि पॉलियुरेथेनच्या आवरणाचा असतो. तो दुरुस्तीसाठी केलेलाच नसतो. उलट, मूळचा सोफाच तशा बनावटीचा असेल तर म्हण शब्दशः खरी ठरते आणि त्यावर पैसे घालू नयेत. भावनेपोटी घालावयाचे असल्यास प्रश्न वेगळा. वडिलांच्या आरामखुर्चीचा हिशेब घसाऱ्याच्या तक्त्यात बसत नाही.

दुरुस्ती करता येईल अशा बेताने वस्तू घडविण्याचे एक उत्तम उदाहरण भारताच्याच नावावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी अधिकाऱ्यांसाठी केलेली, रुरकी येथील अभियंता दलाच्या ठाण्यावरून नाव पडलेली ‘रुरकी खुर्ची’. तिच्या सांध्यांत खिळा नाही की सरस नाही. लाकडी दांडे निमुळत्या भोकांत बसतात, चामड्याचे किंवा कॅनव्हासचे पट्टे त्यांना ताणून धरतात आणि बसणाऱ्याच्या वजनानेच खुर्ची घट्ट होते. ओबडधोबड जमिनीवर चारही पाय टेकतात, दमट हवेत सांधा सुटत नाही आणि पट्टा तुटला तर कोणीही चर्मकार तो बदलून देऊ शकतो. डेन्मार्कचे कारे क्लिंट यांनी १९३३ मध्ये याच कल्पनेवर आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची बेतली. चंडीगढची गोष्ट याच्या नेमकी उलट. १९५० च्या दशकात पिअर जेनरे यांच्या देखरेखीखाली तेथील सरकारी इमारतींसाठी सागवान, वेत आणि काही नमुन्यांत चामडे वापरून खुर्च्या तयार झाल्या. त्या मोडल्यावर दुरुस्त करण्याऐवजी भंगार म्हणून लिलावात काढल्या गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या डागडुजी करून लाखो रुपयांना विकल्या, आणि अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला. कचेऱ्यांच्या आणि शाखांच्या नूतनीकरणात जुने सागवानी सामान लिलावाच्या यादीत घालण्यापूर्वी एखाद्या कारागिराला ते दाखविण्यास फारसा वेळ लागत नाही.

असा कारागीर मिळाला तर. खरी अडचण येथेच आहे. सोफा दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुताराचे, शिंप्याचे आणि चर्मकाराचे अशी तीन कामे यावी लागतात. त्याच्या पिशवीत हातोडी आणि बारीक चुका असतात, तशाच दाभण, आरी आणि रापीही. एवढे कौशल्य असूनही त्याला दिवसाच्या रोजावर घासाघीस करून बोलाविले जाते. जो गृहस्थ मोटारीच्या दुरुस्तीचे छापील बिल मुकाट्याने भरतो, तोच सोफ्याच्या कारागिराशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. मग त्याची मुले या धंद्यात येत नाहीत, आणि त्याच गृहस्थाला दहा वर्षांनी कारागीर मिळत नाही.

चामड्याच्या बाबतीत याला आणखी एक जुना डाग आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांनी कातडे कमावले आणि शिवले, त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून त्याच चामड्यावर दिवाणखान्यात मानाने बसण्याची रीत या देशात शतकानुशतके चालली. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली; तरी घरी आलेल्या कारागिराचा कप वेगळा ठेवणारी घरे अजून सापडतात. महाराष्ट्रात संत रोहिदासांच्या नावाने चर्मोद्योगाचे महामंडळ आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्तीचा कारागीर घरी बोलावणे म्हणजे त्याला दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी, घरच्यासारखा बसवून काम करू देणे होय.

बँकेच्या अधिकाऱ्यांनी लक्ष घालावे असा एक मुद्दा येथे उपस्थित होतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांची यादी आहे. तीत सुतार आहे, शिंपी आहे, चर्मकार आहे. या कारागिरांना विनातारण, ५ टक्के व्याजाने, प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, तसेच प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद आहे. सोफा दुरुस्त करणारा मात्र या यादीत स्वतंत्रपणे नाही. तिन्ही कामे करणाऱ्याने स्वतःला तिघांपैकी कोण म्हणवून घ्यावे? पूर्वापार जे काम कुटुंबात चालत आले असेल त्या नावाने त्याची नोंदणी होऊ शकते का हे त्याला सांगण्यास शाखेत कोणी तरी हवे. तसे होत नसेल तर मुद्रा योजनेचा मार्ग आहेच; त्यातील ५०,००० रुपयांपर्यंतचे शिशू कर्ज जड मालाचे शिलाई यंत्र घेण्यास उपयोगी पडू शकते. दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली तेव्हाही शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने या चारच क्षेत्रांचा विचार झाला. फर्निचर कोणाच्याच यादीत नाही. यादी वाढविण्याची मागणी करणे गैर ठरणार नाही. तिच्यात एका ओळीची भर पडली तर सरकारी तिजोरीला फार मोठा भार पडेल असेही नाही.

ग्राहकाच्या हातातील गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. काम सुरू करण्यापूर्वी एका कागदावर काम, माल, मजुरी आणि दिवस असे चार रकाने करून दोघांनी सह्या कराव्यात. चामडे, दोरा, रंग यांसाठी आगाऊ रक्कम मागणे हा कारागिराचा लबाडपणा नव्हे, त्याच्याजवळ भांडवल नसते. ती द्यावी आणि मालाची पावती मागावी, किंवा माल स्वतःच आणावा. मजुरी शक्यतो त्याच्या बँक खात्यात जमा करावी. खात्यात वर्षभर येणाऱ्या अशा लहान रकमा दाखवूनच उद्या तो कर्जासाठी शाखेच्या दारात उभा राहू शकेल. आधी आडोशाच्या जागी रंगाचा नमुना लावून तो वाळल्यावर पसंत करावा. काम चालू असताना घरातील एकाने जवळ बसावे. पहारा म्हणून नव्हे. पुढच्या वेळी काय विचारावयाचे ते कळावे म्हणून.

काम पुरे झाल्यावर रंग आणि गोंद पक्के होईपर्यंत, कारागीर सांगेल तितके दिवस, सोफ्यावर बसू नये. त्यानंतर आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या कापडाने पुसणे, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवणे आणि पावसाळ्यात पंख्याचा वारा मिळेल असे पाहणे पुरेसे होते. बुरशी दिसली तर सोफा, किंवा निदान त्याच्या गाद्या, बाहेर सावलीत नेऊन मऊ कुंचल्याने झटकाव्यात. घरात झटकल्यास ती दुसऱ्या फर्निचरवर बसते. उरलेला चामड्याचा तुकडा, रंगाची डबी आणि दोऱ्याचे रीळ एका कापडी पिशवीत घालून सोफ्याच्या पोटातच ठेवावे आणि तळाच्या कापडावर आतून एक चिठ्ठी टाचून द्यावी. कामाची तारीख, वापरलेला माल आणि कारागिराचे नाव. तळ पुढच्या वेळी जो उघडील त्याला या तीन ओळींचा उपयोग होईल.